निळ्या बुटांची मालकी

‘ब्लू स्वेड शूज’चं नाव काढलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एल्विस प्रेस्लीच उभा राहतो. मग शेजारचा एखादा जाणकार घाईघाईने सांगतो, की अहो, मूळ गाणं कार्ल पर्किन्सचं. बिचाऱ्याला ऐन भरात अपघात झाला, तो हॉस्पिटलात पडून राहिला आणि गाणं एल्विसने पळवलं. ही हळहळ आता इतकी रुळली आहे की ती तपासून बघावी असं कुणाला वाटत नाही. मला ती अर्धीच खरी वाटते. अपघात खरा, जखमाही खऱ्या. पण तारखा ओळीने मांडल्या तर ‘पळवलं’ हा आरोप टिकत नाही. शिवाय या हळहळीत मुख्य प्रश्न बाजूलाच राहतो: बुटांवरच्या सव्वादोन मिनिटांच्या गाण्यात असं होतं तरी काय, की गोऱ्या शेतमजुरापासून काळ्या शहरी तरुणापर्यंत सगळ्यांनी ते विकत घेतलं?

त्याचं उत्तर कापसाच्या शेतात सापडतं. कार्ल पर्किन्सचा जन्म 9 एप्रिल 1932 चा. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, अगदी वायव्य कोपऱ्यात, मिसिसिपी नदीच्या जवळ टिप्टनव्हिल नावाचं गाव आहे. त्या परिसरात त्याचे आईवडील बटाईने कापूस करायचे. जमीन मालकाची, राबणं यांचं आणि हिशेबाची वहीही मालकाचीच, त्यामुळे वर्षाच्या शेवटी हातात काय उरणार हे ठरलेलंच. पोरं हाताशी आली की शेतात जायची. कार्लही लहानपणापासून कापूस वेचायला जायचा आणि त्याच्या ओळीला लागून काळे मजूर वेचत असायचे. दिवसभर त्यांची गाणी कानावर पडायची. शनिवारी रात्री रेडिओवर ‘ग्रँड ओल ऑप्री’ लागायचं, म्हणजे गोऱ्या खेडुतांचं कंट्री संगीत. या पोराच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळत गेल्या.

पहिली गिटार वडिलांनी करून दिली होती, सिगारचा खोका आणि झाडूचा दांडा वापरून. पुढे एक जुनी खरी गिटार मिळाली. ती वाजवायला शिकवलं जॉन वेस्टब्रुक या शेतावरच्या वयस्क काळ्या मजुराने. कार्ल त्यांना ‘अंकल जॉन’ म्हणायचा. तार तुटली की नवी घ्यायला पैसे नसायचे, म्हणून तुटलेली तार गाठ मारून पुन्हा चढवायची. गाठीवरून बोट सरकवलं की बोट कापायचं. मग त्याने बोट सरकवणं सोडलं आणि तार जागच्या जागी दाबून ओढायला सुरुवात केली, म्हणजे सूर तिथल्या तिथेच वर चढतो. त्याच्या वादनातली ती खास ओढ अशी गरिबीतून आलेली आहे. पुढे लिव्हरपूलची पोरं त्याच्या तबकड्या लावून नेमकी तीच ओढ उतरवून घेण्यासाठी बोटं झिजवणार होती.

कुटुंब नंतर जॅक्सन शहराजवळ आलं. कार्लने मोठा भाऊ जे आणि धाकटा क्लेटन यांना धरून बँड केला. जे साथीची गिटार वाजवायचा, क्लेटन उभा डबल बास. पुढे ड्रमवर ‘फ्लूक’ हॉलंड आला. रात्री हाँकी-टाँकमध्ये, म्हणजे दारूच्या स्वस्त गुत्त्यांत, वाजवायचं. तिथे कधी बाटल्या उडायच्या, कधी गुद्दे. दिवसा कार्ल बेकरीत पावाच्या तव्यांना तूप लावायचं काम करी. 1953 साली वाल्डाशी लग्न झालं, पोरं झाली. 1954 च्या जुलैत रेडिओवर एल्विसचं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ लागलं आणि वाल्डा म्हणाली, की हे तर तुझ्यासारखंच वाजतंय. खरंच तसं होतं. कंट्रीचं गाणं, त्याला ब्लूजचा ठेका आणि बासच्या तारा खेचून फळीवर आपटल्याचा तो चटचटाट: यालाच पुढे रॉकाबिली हे नाव पडलं. जॅक्सनच्या गुत्त्यांत ते नाव मिळण्याआधीच वाजत होतं. फरक एवढाच, की मेम्फिसमध्ये ते तबकडीवर उतरवणारा माणूस होता.

तो माणूस सॅम फिलिप्स. 706, युनियन अॅव्हेन्यू या पत्त्यावर त्याचा एकखोली स्टुडिओ होता. 1950 मध्ये तो सुरू करताना त्याने आधी काळ्या ब्लूज गायकांचं ध्वनिमुद्रण केलं. हाऊलिन वुल्फ आणि बी. बी. किंग यांच्या सुरुवातीच्या मुद्रणांत त्याचा हात आहे. 1952 पासून ‘सन’ हे त्याचं स्वतःचं लेबल झालं. त्याच्या तबकड्यांचा आवाज ओळखू येतो तो प्रतिध्वनीमुळे, आणि ती युक्ती अगदी साधी आहे. अँपेक्सची दोन टेप मशीनं. गाणं एका मशीनवर मुद्रित व्हायचं आणि तोच आवाज दुसऱ्या मशीनवरही जायचा. टेपवर आवाज उमटवणारं हेड आणि तो वाचणारं हेड यांच्यात दीड-दोन इंचांचं अंतर असतं. टेपला तेवढं अंतर कापायला सेकंदाचा सातवा-आठवा भाग लागतो. तेवढ्या उशिराने परत आलेला आवाज मूळ आवाजात मिसळला की प्रत्येक शब्दाच्या पाठोपाठ त्याची सावली पडते. तीन-चार माणसांचा बँड दहा जणांचा वाटू लागतो. मोठ्या कंपन्यांचे इंजिनिअर या आवाजाची नक्कल करताना मेटाकुटीला आले होते. नॅशव्हिलमध्ये मुद्रित झालेल्या ‘हार्टब्रेक हॉटेल’मधला घुमणारा प्रतिध्वनी ऐकला की मेम्फिसच्या त्या छोट्या खोलीचं मोल कळतं.

पर्किन्सच्या पहिल्या तबकड्या 1955 मध्ये निघाल्या आणि बेताच्याच खपल्या. त्या वेळी सगळं लक्ष एल्विसवर होतं. पण नोव्हेंबर 1955 मध्ये फिलिप्सने एल्विसचा करारच आर. सी. ए. कंपनीला 35,000 डॉलरना विकून टाकला. पुढच्या पिढ्यांनी त्याला यासाठी बरंच वेड्यात काढलं. पण लहान लेबलाचं दुखणं वेगळं असतं: तबकडी खपू लागली की छापखान्याचे पैसे आधी द्यावे लागतात आणि वितरकांकडून येणारे नंतर येतात. फिलिप्स या कात्रीत सापडला होता. विक्रीमुळे त्याच्या हातात रोकड आली, मात्र लेबलाचा चेहरा गेला. ती जागा पर्किन्सने भरून काढावी अशी त्याची अपेक्षा होती.

नेमकं त्याच शरद ऋतूत, दौऱ्यावर असताना, सनचाच गायक जॉनी कॅशने पर्किन्सला एक किस्सा सांगितला. कॅश हवाई दलात असताना जर्मनीत लँड्सबर्गच्या तळावर होता. तिथे सी. व्ही. व्हाइट नावाचा एक काळा सहकारी होता. बूट सगळ्यांचे सारखेच, सरकारी. पण रजेच्या रात्री बाहेर पडताना व्हाइट बजावायचा, की आज रात्री हे निळे स्वेड आहेत, यांच्यावर कुणी पाय देऊ नये. कॅश म्हणाला, यावर गाणं कर. पर्किन्सला काही सुचलं नाही. बुटांवर कसलं गाणं करायचं?

काही आठवड्यांनी तो जॅक्सनमधल्या एका नाचाच्या कार्यक्रमात वाजवत होता. मंचापुढेच एक जोडपं नाचत होतं. मुलगी देखणी. नाचता नाचता तिचा पाय मुलाच्या स्वेड बुटावर पडला आणि तो तिच्यावर खेकसला. पर्किन्स ते पाहून चाटच पडला. अशी मुलगी हातात असताना या माणसाला चिंता कसली, तर बुटांची! घरी जाऊन तो झोपला, मध्यरात्री उठला आणि गाणं लिहायला बसला. घरात कागद मिळेना, म्हणून बटाट्यांची रिकामी तपकिरी पिशवी घेतली आणि पेन्सिलीने तिच्यावरच शब्द लिहून काढले. ‘स्वेड’चं स्पेलिंगही त्याने चुकीचं लिहिलं होतं. शाळा लवकरच सुटली होती आणि असले बूट त्याने स्वतः कधी घेतलेले नव्हते.

आता त्या खेकसण्याकडे थोडं बघू. स्वेड म्हणजे कातड्याची आतली बाजू घासून मखमलीसारखी लव काढलेलं चामडं. साध्या बुटावर चिखल उडाला तर तो पुसता येतो, पॉलिश मारता येतं. स्वेडवर एकदा डाग पडला की बसला. म्हणजे हे बूट मिरवायचे, वापरायचे नव्हेत. श्रीमंताला दुसरा जोड असतो. आठवडाभर गिरणीत राबून शनिवारी तेवढा एक जोड घालून बाहेर पडणाऱ्याला दुसरा नसतो. त्या मुलाचं खेकसणं पर्किन्सला आधी हास्यास्पद वाटलं असेल, पण लिहिताना त्याने त्याची थट्टा केलेली नाही. गाण्यातला माणूस घर, गाडी, दारू, अब्रू या सगळ्यावर पाणी सोडायला तयार आहे, फक्त एका गोष्टीला हात लावू द्यायला तयार नाही. ज्याच्याकडे मुळात घर-गाडी नाहीच, त्याला ते बहाल करून टाकताना काय जड जातं? विनोद इथेच आहे, आणि धारही. कापूस वेचणाऱ्याच्या पोराला ही धार शिकवावी लागत नाही. जर्मनीतल्या त्या काळ्या सैनिकाची ऐटही याच जातीची: सरकारी गणवेशात आपलं म्हणावं असं काही नव्हतं, म्हणून त्याने ते शब्दांतून निर्माण केलं.

19 डिसेंबर 1955 रोजी सन स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. सुरुवातीला शर्यत सुरू करताना लहान मुलं म्हणतात त्या आकड्यांच्या बडबडगीताचा तुकडा आहे. पर्किन्सने तो जसाच्या तसा उचलला. एकेक आकडा तो मोकळ्यावर म्हणतो, सगळी वाद्यं गप्प, मग गिटारचे दोन ठोके, पुन्हा शांतता. शर्यतीत शिट्टी वाजण्याआधी अंग ताठतं तसं ऐकणाऱ्याचं होतं, आणि मग बँड सुटतो. पुढचा साचा ट्वेल्व्ह-बार ब्लूजचा, म्हणजे शेकडो गाण्यांत येऊन गेलेला. पण तो थांबा हा पर्किन्सचा. त्यातल्या एका हाकेत ‘कॅट’ हा शब्द घालायची सूचना फिलिप्सची होती. काळ्या जॅझवाल्यांच्या बोलीतून आलेला हा शब्द तेव्हाच्या तरुणांच्या तोंडी बसला होता आणि त्यामुळे गाणं गावाकडून एकदम शहरात आलं. मागच्या बाजूला ‘हनी डोन्ट’ होतं. सन 234 क्रमांकाची ही तबकडी 1 जानेवारी 1956 रोजी बाजारात आली.

त्या काळी ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाचे तक्ते तीन. पॉप म्हणजे शहरी गोऱ्यांचा, कंट्री म्हणजे ग्रामीण गोऱ्यांचा आणि ऱ्हिदम अँड ब्लूज म्हणजे काळ्यांचा. दुकानं वेगळी, रेडिओ स्टेशनं वेगळी, ज्यूकबॉक्सही वेगळे. दक्षिणेत तर बसमधल्या जागाही वेगळ्या होत्या. या ध्वनिमुद्रणाच्या दोनच आठवडे आधी, 5 डिसेंबरला, शेजारच्या अलाबामातल्या माँटगोमेरीत बसवर बहिष्कार सुरू झाला होता. अशा वेळी ही तबकडी कंट्रीच्या तक्त्यावर पहिली आली, पॉपवर दुसरी आणि ऱ्हिदम अँड ब्लूजवरही दुसरी. तिन्ही बाजारांत एकाच वेळी अशी मजल मारणारा गायक कंट्रीवाल्यांत आधी झाला नव्हता. दहा लाखांचा खप गाठणारी ती सनची पहिली तबकडी ठरली. एल्विस सनमध्ये असताना त्याच्याही वाट्याला हे आलं नव्हतं.

आता तारखा. आर. सी. ए.च्या स्टीव्ह शोल्सला पर्किन्सची तबकडी चढताना पाहून घाम फुटला होता. आपण 35,000 डॉलर मोजून चुकीचा माणूस तर घेतला नाही ना, अशी शंका त्याने फोन करून फिलिप्सकडेच बोलून दाखवली. 30 जानेवारी 1956 रोजी एल्विसने न्यूयॉर्कमध्ये हे गाणं मुद्रित केलं. म्हणजे मूळ तबकडी बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता. फिलिप्सने विनंती केली, की आमची तबकडी चालू आहे तोवर तुमची सिंगल काढू नका. शोल्सने शब्द पाळला. 11 फेब्रुवारीला एल्विसने ते टीव्हीवर ‘स्टेज शो’मध्ये गायलं. 17 मार्चला पुन्हा गायलं, आणि गंमत म्हणजे त्याच रात्री दुसऱ्या वाहिनीवर ‘ओझार्क ज्युबिली’मध्ये स्वतः पर्किन्स तेच गाणं गात होता. अमेरिकेतल्या घराघरांत एकाच संध्याकाळी दोन तोंडांनी एकच गाणं. या तारखेपर्यंत अपघात झालेला नाही.

तो झाला 22 मार्चच्या पहाटे. व्हर्जिनियातल्या नॉरफॉकचा कार्यक्रम आटोपून मंडळी रात्रभर गाडी चालवत न्यूयॉर्ककडे निघाली होती. 24 तारखेला पेरी कोमोच्या कार्यक्रमात, राष्ट्रीय टीव्हीवर, गायचं होतं. डेलावेअरमधल्या डोव्हर गावाजवळ त्यांची गाडी एका पिकअप ट्रकवर मागून आदळली. ट्रकचालक शेतकरी जागीच गेला. आजच्या हळहळीत त्याची आठवण कुणी काढत नाही. गाडी रस्त्याबाहेर फेकली गेली. पर्किन्स बेशुद्ध होऊन खड्ड्यातल्या वीतभर पाण्यात पालथा पडला होता. फ्लूक हॉलंडने त्याला उताणा केला नसता तर तो तिथेच बुडून मेला असता. मानेचे तीन मणके, गळपट्टीचं हाड, डोक्याला जबर मार. जेच्या मानेचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी एल्विसच्या बँडमधले तिघं न्यूयॉर्कला जाता जाता हॉस्पिटलात येऊन भेटून गेले.

त्याच 23 मार्चला एल्विसचा पहिला अल्बम निघाला. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं हेच. पण तबकडीच्या वाटचालीत बघायला गेलं तर अपघातानंतरही पर्किन्सची आवृत्ती वर चढत राहिली आणि तिने शिखर गाठलं ते त्यानंतर. एल्विसची सिंगल निघाली थेट सप्टेंबरमध्ये, आणि ती पर्किन्सच्या क्रमांकाच्या जवळपासही फिरकली नाही. मग अपघाताने काय नेलं? गाणं नाही नेलं. पुढची गाणी नेली. मे महिन्याच्या 26 तारखेला पर्किन्स पेरी कोमोच्या मंचावर उभा राहिला तोवर लाट ओसरली होती. पॉपच्या पहिल्या चाळिसांत त्याचं दुसरं गाणं पुन्हा कधी आलं नाही. त्याबद्दल त्याने एल्विसला बोल लावला नाही. एल्विस देखणा होता, सडाफटिंग होता आणि आपण लग्न झालेले, पोराबाळांचे बाप, असं तो मोकळेपणाने सांगायचा. मला यात नुसता मनाचा मोठेपणा दिसत नाही, बाजाराचा अचूक अंदाजही दिसतो. टीव्ही आला होता आणि टीव्हीला कंबर हवी होती.

दोन्ही आवृत्त्या एकामागोमाग ऐकाव्यात. एल्विस पळतो. चाल वेगवान, थांबे आखडते, आवाजात मस्ती; कुणी बुटावर पाय दिलाच तर तो हसून दुसरा जोड घेईल असं वाटतं. पर्किन्स किंचित संथ आहे आणि त्या संथपणातच दम आहे. गुत्त्यात वर्षानुवर्षं बाटल्या चुकवलेल्या माणसाने दिलेली ती ताकीद आहे. नाचायला एल्विसची आवृत्ती बरी, हे मान्य. विश्वास बसतो तो पर्किन्सच्या.

पुढचं थोडक्यात. 4 डिसेंबर 1956 ला सन स्टुडिओत पर्किन्सचं मुद्रण चालू असताना एल्विस सहज डोकावला, जेरी ली लुइस पियानोवर होताच, कॅशही आला आणि ती गप्पांची, गाण्यांची बैठक टेपवर राहिली. 1958 मध्ये पर्किन्स सन सोडून कोलंबियाकडे गेला. त्याच वर्षी जे मेंदूतल्या गाठीने वारला आणि कार्ल दारूत बुडाला. 1964 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याला कळलं, की बीटल्स त्याची गाणी तोंडपाठ म्हणतात. त्यांनी त्याची तीन गाणी मुद्रित केली. जॉर्ज हॅरिसनने तर बीटल्सच्या सुरुवातीच्या एका दौऱ्यात स्वतःचं नाव ‘कार्ल हॅरिसन’ ठेवलं होतं. 1969 मध्ये टोरंटोच्या मैदानावर जॉन लेननने नव्या बँडसह मंचावर पाऊल ठेवलं तेव्हा पहिलं गाणं घेतलं ते हेच. पर्किन्स त्या वर्षांत कॅशच्या ताफ्यात गिटार वाजवत होता. बुटांचा किस्सा सांगणाऱ्या मित्रानेच त्याला पडत्या काळात सांभाळलं.

राहता राहिला पैशाचा हिशेब. 1909 च्या कायद्याप्रमाणे अमेरिकेत तबकडीवरच्या प्रत्येक गाण्यामागे दोन सेंट द्यावे लागत. रिवाजाप्रमाणे त्यातला एक प्रकाशकाचा, एक गीतकाराचा. एल्विसने गायलं तरी, लेननने गायलं तरी. म्हणून एल्विसचा अल्बम खपणं हे पर्किन्सच्या तोट्याचं नव्हतं, उलट फायद्याचं होतं. 1960 च्या ‘जी. आय. ब्लूज’ चित्रपटासाठी एल्विसने ते पुन्हा मुद्रित केलं. हा चित्रपट घडतो जर्मनीतल्या अमेरिकन सैनिकांत, आणि त्यात एक सैनिक ज्यूकबॉक्सवर एल्विस प्रेस्लीचीच तबकडी लावतो. त्याचाही एक सेंट निघालाच. अडचण एवढीच, की प्रकाशनाची कंपनीही फिलिप्सची होती आणि वाटप त्याच्या टेबलावरून व्हायचं. दहा लाखांच्या खपाबद्दल पर्किन्सला एक कॅडिलॅक मिळाली होती. ती बक्षीस आहे असं तो समजत होता. किंमत त्याच्याच रॉयल्टीतून कापलेली निघाली. मग वकील आले, कागद निघाले, वर्षानुवर्षं भांडण चाललं. 1970 च्या दशकात निकाल लागला तेव्हा कार्ल पर्किन्स आपल्या गाण्यांचा मालक झाला. तोवर निळे बूट वीस वर्षांचे झाले होते.